नवा कॉम्प्युटर ओव्हरक्लॉक करण्याआधी त्याची 'स्टॅबिलिटी टेस्ट' का करतात आणि कशी?

२०२३ आणि २०२४ मध्ये जगभरातले अनेक गेमर एका विचित्र तक्रारीने हैराण झाले होते. कॉम्प्युटर नवाकोरा आणि महागडा, ग्राफिक्स कार्ड २४ जीबी मेमरीचं. तरीही गेम सुरू होता होता बंद पडायचा आणि स्क्रीनवर संदेश यायचा की व्हिडिओ मेमरी संपली आहे. साहजिकच सगळ्यांनी ग्राफिक्स कार्डाला दोष दिला. कुणी ड्रायव्हर बदलले, कुणी विंडोज नव्याने टाकलं, कुणी कार्डच बदलून आणलं. गेम बंद पडतच राहिला.

दोष ग्राफिक्स कार्डात नव्हताच, तो इंटेलच्या १३ व्या आणि १४ व्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरमध्ये होता. गेमच्या फाइल्स दाबून छोट्या केलेल्या असतात आणि गेम सुरू होताना प्रोसेसर त्या उलगडतो. हे उलगडताना प्रोसेसरचा हिशोब एखाद्या ठिकाणी चुकायचा आणि गेमचं सॉफ्टवेअर गोंधळून भलताच संदेश दाखवायचं. फाइल्स उलगडण्याचं हे तंत्र बनवणाऱ्या रॅड गेम टूल्सने २०२४ च्या सुरुवातीला तसं जाहीर सांगितलं, तेव्हा कुठे लोकांचं लक्ष प्रोसेसरकडे गेलं.

यातल्या अनेकांनी आपला प्रोसेसर ओव्हरक्लॉक केलेलाच नव्हता. निदान त्यांची तशी समजूत होती. वेग वाढवण्याच्या नादात पडण्याआधी कॉम्प्युटर मूळ वेगाला धड चालतो का, हे तपासणं का गरजेचं आहे ते या प्रकरणातून नीट कळतं.

ओव्हरक्लॉकिंग म्हणजे नेमकं काय?

प्रोसेसर, रॅम किंवा ग्राफिक्स कार्ड कंपनीने ठरवून दिलेल्या वेगापेक्षा जास्त वेगाने चालवणं म्हणजे ओव्हरक्लॉकिंग. वेग वाढवला की बहुतेक वेळा व्होल्टेजही वाढवावं लागतं. व्होल्टेज वाढलं की उष्णता वाढते.

एकेकाळी यात मोठा फायदा होता. १९९८ मध्ये आलेला इंटेलचा सेलेरॉन ३००ए हा प्रोसेसर ३०० मेगाहर्ट्झचा होता. मदरबोर्डचा बस स्पीड ६६ वरून १०० वर नेला की तोच प्रोसेसर ४५० मेगाहर्ट्झने चालायचा. म्हणजे एक सेटिंग बदलून दीडपट वेग. स्वस्तातला प्रोसेसर घेऊन महागड्याचं काम काढणं हा त्या काळातला खास आनंद होता.

आता तसं राहिलेलं नाही. आजचे प्रोसेसर तापमान आणि विजेचा अंदाज घेत स्वतःच वेग वाढवतात. इंटेलचा कोअर आय९-१४९००के घ्या. त्याचा बेस वेग ३.२ गिगाहर्ट्झ, पण परिस्थिती अनुकूल असेल तर तो ६ गिगाहर्ट्झपर्यंत जातो. म्हणजे शिल्लक ठेवलेली बरीचशी ताकद कंपनीनेच वापरून टाकलेली असते आणि ग्राहकाच्या हाती फार थोडी उरते. त्या थोड्याशा जागेत चाचपडायचं तर आधी पाया पक्का असावा लागतो.

पाया तपासला नाही तर पुढे काय होतं? समजा, वेग वाढवल्यावर आठवड्याने ब्लू स्क्रीन आली. ती वाढवलेल्या वेगामुळे आली, की रॅमची एक स्टिक पहिल्या दिवसापासूनच सदोष होती? आधीची नोंद नसेल तर सांगता येत नाही. शिवाय वॉरंटीचा प्रश्न आहेच. ओव्हरक्लॉकिंगमुळे झालेलं नुकसान प्रोसेसर कंपन्या सहसा वॉरंटीत धरत नाहीत. मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडवर किंवा दिल्लीच्या नेहरू प्लेसमध्ये वेगवेगळ्या दुकानांतून सुटे भाग घेऊन कॉम्प्युटर जोडणाऱ्यांना ही अडचण जास्त जाणवते, कारण प्रत्येक भागाची वॉरंटी वेगळी आणि प्रत्येक जण दुसऱ्याच्या भागाकडे बोट दाखवणार. खरेदीनंतरच्या पहिल्या काही दिवसांत दोष सापडला तर दुकानात बदलून मिळण्याची शक्यता असते. तो काळ गेला की सर्व्हिस सेंटरच्या चकरा सुरू होतात.

'मी काहीच बदललं नाही' हे खरं असतं का?

बरेचदा नसतं. इंटेलच्या १३९००के या प्रोसेसरसाठी कंपनीची वीजवापराची मर्यादा २५३ वॉट आहे. पण अनेक मदरबोर्डांच्या बायोसमध्ये हीच मर्यादा ४०९६ वॉट अशी टाकलेली सापडायची. घरातल्या मायक्रोवेव्हलाही एवढी वीज लागत नाही. आकडा अर्थातच नाममात्र आहे, त्याचा अर्थ 'मर्यादा नाही' एवढाच. दुसऱ्या कंपनीच्या बोर्डापेक्षा आपला बोर्ड चाचणीत दोन टक्के पुढे दिसावा म्हणून मदरबोर्ड कंपन्या हे करत होत्या. ग्राहकाने बायोस उघडलंही नाही तरी त्याचा प्रोसेसर मर्यादेबाहेर चालत होता.

इंटेलने २०२४ मध्ये आधी या सेटिंग्जकडे बोट दाखवलं. पण प्रकरण तिथे संपलं नाही. २२ जुलै २०२४ रोजी कंपनीने मान्य केलं की प्रोसेसरमधला मायक्रोकोडच चुकीचं, म्हणजे गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होता. ऑगस्टमध्ये ०एक्स१२९ या क्रमांकाचा मायक्रोकोड आला, त्याने १.५५ व्होल्टच्या वरची मागणी रोखली. सप्टेंबरमध्ये ०एक्स१२बी आला. तोवर मूळ कारणही स्पष्ट झालं होतं. जास्त व्होल्टेज आणि तापमानामुळे प्रोसेसरमधलं घड्याळाचे ठोके पुरवणारं सर्किट अकाली झिजत होतं. झिजलेल्या प्रोसेसरला तोच वेग गाठायला आधीपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं आणि ते मिळालं नाही की हिशोब चुकतो. ही झीज अपडेटने भरून निघत नाही.

हा रोग फक्त इंटेलचा नाही. २०२३ च्या एप्रिलमध्ये एएमडीच्या रायझेन ७००० मालिकेतले काही एक्स३डी प्रोसेसर सॉकेटमध्येच जळाल्याच्या घटना समोर आल्या. त्यानंतर एएमडीने बायोस अपडेटमधून एसओसी व्होल्टेजवर १.३ व्होल्टची मर्यादा घातली.

म्हणून नव्या कॉम्प्युटरवर पहिलं काम म्हणजे मदरबोर्ड कंपनीच्या साइटवरून ताजं बायोस टाकणं. विंडोज टाकण्याच्याही आधी. बायोस अपडेट चालू असताना वीज गेली तर बोर्ड बंद पडू शकतो, त्यामुळे लोडशेडिंगच्या गावात हे काम यूपीएसवर किंवा इन्व्हर्टरवरच करावं. त्यानंतर इंटेलच्या बोर्डवर 'इंटेल डिफॉल्ट सेटिंग्ज' निवडावं. मल्टी-कोअर एन्हान्समेंट किंवा एएमडीवर पीबीओ यांसारखे पर्याय बंद ठेवावे. आता कुठे 'मूळ वेग' खरोखर मूळ झाला.

रॅमच्या बाबतीत एक गैरसमज फारच पसरलेला आहे. डीडीआर५ रॅमच्या खोक्यावर ६००० छापलेलं असतं, पण कॉम्प्युटर चालू केल्यावर ती ४८०० वर चालताना दिसते. मग कुणीतरी सांगतं, एक्सएमपी चालू कर. एएमडीच्या बोर्डवर त्याचंच नाव एक्स्पो. चालू करायला हरकत नाही, पण हेही ओव्हरक्लॉकिंगच आहे, कारण रॅमच्या स्टिकने ६००० ची हमी दिली तरी प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलरने ती दिलेली नसते. रायझेन ७००० साठी एएमडीचा अधिकृत आकडा दोन स्टिकला ५२०० आहे आणि चार स्टिक लावल्या तर थेट ३६०० पर्यंत खाली येतो. दोन स्टिकवर छान चालणाऱ्या मशीनमध्ये आणखी दोन टाकल्या की ते हँग का होतं, याचं उत्तर अनेकदा इथे असतं. पहिली चाचणी एक्सएमपी बंद ठेवून करावी आणि पास झाल्यावर चालू करून पुन्हा.

जोडणीत राहून जाणाऱ्या गोष्टी

बऱ्याच 'बिघाडां'चं मूळ जोडणीतच असतं. रॅमच्या दोन स्टिक असतील तर बहुतेक बोर्डांवर त्या प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत बसवायच्या असतात. कूलरच्या तळाची पारदर्शक फिल्म काढायची राहून गेली तर प्रोसेसर काही सेकंदांत तापतो. नव्या ग्राफिक्स कार्डांची १६ पिनची केबल आवाज येईपर्यंत आत गेली पाहिजे, अर्धवट बसलेली केबल वितळू शकते. मॉनिटरची केबल मदरबोर्डला नाही, ग्राफिक्स कार्डाला लावायची. हे वाचायला बाळबोध वाटेल, पण होतं खरं.

डीडीआर५ असलेल्या बोर्डवर पहिल्यांदा बटण दाबल्यावर काही मिनिटं स्क्रीन काळीच राहू शकते. बोर्ड रॅमशी जुळवून घेत असतो. बिघाड समजून या वेळी वीज बंद करू नये.

सर्वात आधी रॅम

विंडोज टाकण्याआधी रॅम तपासण्यामागे साधं कारण आहे. रॅम सदोष असेल तर विंडोजच्या फाइल्स लिहितानाच त्यात चुका शिरतात आणि नंतर रॅम बदलली तरी त्या चुका डिस्कवर राहतात.

यासाठी मेमटेस्ट८६+ हे मोफत सॉफ्टवेअर पेनड्राइव्हवर टाकून त्यावरूनच कॉम्प्युटर सुरू करतात. ते रॅमच्या जवळपास प्रत्येक घरात वेगवेगळे आकडे लिहितं, परत वाचतं आणि जुळतात का ते पाहतं. ३२ जीबी रॅमला काही तास लागतात, म्हणून रात्री लावून झोपणं सोयीचं. सकाळी चुकांचा आकडा शून्य असला पाहिजे. इथे 'एखादी चूक चालते' असं काही नसतं, एक म्हणजे नापास. चूक दिसली तर एकेक स्टिक वेगळी लावून, खाच बदलून तपासलं की दोष स्टिकचा आहे की बोर्डाचा ते कळतं. चुकांचा आकडा दाखवणाऱ्या स्क्रीनचा मोबाइलवर फोटो काढून ठेवावा. दुकानात तोंडी सांगण्यापेक्षा तो जास्त कामाला येतो.

प्रोसेसरची परीक्षा: गणिताचा पेपर

प्रोसेसर तपासणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये सर्वात प्रसिद्ध नाव प्राइम९५ चं आहे. ते मुळात या कामासाठी बनलेलंच नव्हतं. १९९६ मध्ये जॉर्ज वोल्टमन यांनी मर्सेन प्रकारच्या प्रचंड मोठ्या मूळ संख्या शोधण्याचा प्रकल्प सुरू केला आणि जगभरातल्या लोकांना आपापले कॉम्प्युटर या शोधासाठी वापरू देण्याचं आवाहन केलं. एकेका संख्येचा हिशोब आठवडेच्या आठवडे चालायचा. मध्ये एक चूक झाली की सगळं वाया. म्हणून कॉम्प्युटर भरवशाचा आहे का हे आधीच पाहण्यासाठी सॉफ्टवेअरमध्ये 'टॉर्चर टेस्ट' दिली गेली. ओव्हरक्लॉकिंगवाल्यांनी तीच उचलली.

या चाचणीची गंमत अशी की प्राइम९५ ला बरोबर उत्तर आधीच माहीत असतं. प्रोसेसरने काढलेलं उत्तर त्याच्याशी जुळलं नाही की तो कोअर तिथेच थांबवला जातो आणि चूक दाखवली जाते. कॉम्प्युटर बंद पडत नाही, ब्लू स्क्रीन येत नाही, माऊस नीट हलत असतो. तरीही मशीन नापास झालेलं असतं. अस्थिर कॉम्प्युटरचा खरा धोका हाच आहे. बंद पडणारं मशीन निदान कळतं तरी. गुपचूप चुकीचं उत्तर लिहून पुढे जाणारं मशीन एखाद्या फोटोची, एक्सेल फाइलची किंवा बॅकअपची वाट लावतं आणि ते महिन्यांनी लक्षात येतं.

२०१६ च्या जानेवारीत तर इंटेलच्या स्कायलेक प्रोसेसरमधला मूळचाच दोष या मूळ संख्यावाल्या मंडळींना सापडला होता. विशिष्ट गुंतागुंतीच्या हिशोबात प्रोसेसर हँग व्हायचा. इंटेलने तो मान्य करून बायोस अपडेटद्वारे दुरुस्ती दिली.

प्राइम९५ मध्ये 'स्मॉल एफएफटी' हा प्रकार प्रोसेसर सर्वात जास्त तापवतो, कारण सगळा हिशोब कॅशमध्येच मावतो आणि रॅमची वाट पाहायला थांबावं लागत नाही. 'ब्लेंड' या प्रकारात रॅमही कामाला लागते. आधी सिनेबेंच दहा मिनिटं चालवून तापमान आवाक्यात आहे ना हे पाहावं, मगच प्राइम९५ कडे वळावं. तापमान, व्होल्टेज आणि वेग पाहण्यासाठी एचडब्ल्यूइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर सोबत चालू ठेवतात.

पण फक्त जड चाचणीवर विसंबून चालत नाही आणि इथेच अनेक जण फसतात. सगळे कोअर एकदम राबत असतात तेव्हा प्रोसेसर वेग थोडा कमी ठेवतो. सर्वाधिक वेग आणि सर्वाधिक व्होल्टेज असतं ते एक-दोनच कोअर कामात असताना, म्हणजे ब्राउझर उघडला, एखादी झिप फाइल उलगडली अशा वेळी. त्यामुळे रात्रभर प्राइम९५ पास झालेलं मशीन सकाळी नुसतं डेस्कटॉपवर हँग होऊ शकतं. यासाठी कोअरसायक्लरसारखं साधन एकेका कोअरला पाळीपाळीने राबवतं. मोठी फाइल दाबून पुन्हा उलगडणं हीसुद्धा चांगली चाचणी आहे. इंटेलचा दोष अशाच कामात उघडा पडला होता.

चाचण्या झाल्यावर विंडोजचा इव्हेंट व्ह्यूअर उघडून 'व्हीया-लॉगर' नावाच्या नोंदी शोधाव्यात. हार्डवेअरने केलेली आणि गुपचूप दुरुस्त केलेली चूकही तिथे सापडू शकते. 'कर्नल-पॉवर ४१' ही नोंद पाहून मात्र घाबरायचं कारण नाही. मशीन नीट बंद न होता बंद झालं, एवढंच ती सांगते.

तापमान: पुण्यातली जानेवारी आणि चंद्रपूरचा मे

इंटेलच्या अलीकडच्या डेस्कटॉप प्रोसेसरची कमाल मर्यादा साधारण १०० अंश सेल्सिअस आहे, रायझेन ७००० च्या बहुतेक प्रोसेसरची ९५. त्याला टेकलं की प्रोसेसर स्वतःहून वेग कमी करतो. रायझेन ७००० तर जड कामात मुद्दामच ९५ पर्यंत जाऊन तिथे स्थिरावेल असं बनवलेलं आहे, त्यामुळे नुसता आकडा पाहून दचकू नये. त्या तापमानाला वेग किती टिकतो ते पाहावं.

परदेशी व्हिडिओंमध्ये खोलीचं तापमान अनेकदा २० ते २५ अंश धरलेलं असतं. आपल्याकडे हा हिशोब बदलतो. हवेने किंवा पाण्याने थंड करणारा कोणताही नेहमीचा कूलर प्रोसेसरला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही, खोलीपेक्षा तो किती अंश गरम राहील एवढंच तो ठरवतो. पुण्यात जानेवारीत २० अंशाच्या खोलीत ८० वर थांबलेला प्रोसेसर चंद्रपुरात मे महिन्यात ३८ अंशाच्या खोलीत त्याच कामाला साधारण ९८ वर जाईल. थंडीत पास झालेली चाचणी उन्हाळ्याला लागू होत नाही. विदर्भात आणखी एक भानगड असते. पाण्याच्या कूलरचा गार झोत थेट कॅबिनेटवर सोडला तर तापमान उतरतं, पण सोबत ओलावा आणि धूळही आत जाते.

ग्राफिक्स कार्ड, एसएमपीएस आणि एसएसडी

ग्राफिक्स कार्डासाठी थ्रीडीमार्कची स्ट्रेस टेस्ट वापरतात. त्यात तेच दृश्य २० वेळा फिरतं आणि फ्रेम रेटची स्थिरता ९७ टक्के राहिली तर पास. फरमार्क कार्डाला जास्त तापवतं, पण कूलिंग तपासण्यापुरतं थोडा वेळ चालवलं तरी पुरे.

एसएमपीएसचा कस लागतो तो प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड एकदम राबवल्यावर. ओसीसीटीमध्ये त्यासाठी पॉवर टेस्ट आहे. ब्लू स्क्रीन न येता मशीन फट्कन बंद होत असेल किंवा रिस्टार्ट होत असेल तर संशय आधी विजेवर घ्यावा. त्यातही घरचा यूपीएस विसरू नये. ६०० व्हीएचा नेहमीचा छोटा यूपीएस जेमतेम ३६० वॉट देतो. मोठं ग्राफिक्स कार्ड असलेलं मशीन जोरात असताना त्याहून जास्त ओढतं आणि यूपीएस हात वर करतो. बदनाम होतो मात्र एसएमपीएस.

एसएसडीसाठी क्रिस्टलडिस्कइन्फो उघडून पाहावं. डिस्क किती तास चालली आणि तिच्यावर किती डेटा लिहिला गेला, हे त्यात दिसतं. 'सीलबंद' म्हणून घेतलेल्या डिस्कवर शेकडो तास दिसले तर ती परत द्यायची वेळ तीच.

किती वेळ तपासायचं?

यावर जुने ओव्हरक्लॉकर आणि नवे यांचं कधीच पटलेलं नाही. प्राइम९५ सलग २४ तास चाललंच पाहिजे, ही जुनी शिस्त. घरगुती मशीनला रॅमसाठी एक रात्र, प्रोसेसरसाठी तीन-चार तासांच्या वेगवेगळ्या चाचण्या आणि मग आठवडाभर रोजचा वापर एवढं पुरतं. नापास झालेल्या चाचणीने दोष सिद्ध होतो, पास झालेल्या चाचणीने शंका फक्त कमी होते. त्यामुळे एकच चाचणी लांबवण्यापेक्षा चार प्रकारच्या चाचण्या केलेल्या बऱ्या.

सगळं पास झालं की खोलीचं तापमान, प्रोसेसरचं कमाल तापमान, वेग, व्होल्टेज आणि सिनेबेंचचे गुण लिहून ठेवावेत, बायोसच्या पानांचे फोटो काढावेत आणि महत्त्वाच्या फाइल्सचा बॅकअप घ्यावा. ओव्हरक्लॉकिंग यानंतर, एका वेळी एकच सेटिंग बदलून. मूळ वेगालाच काही नापास झालं तर व्होल्टेज वाढवून ते 'बसवण्याचा' मोह टाळावा. तो भाग बिलासकट दुकानात न्यावा.

इंटेलने १३ व्या आणि १४ व्या पिढीच्या संबंधित डेस्कटॉप प्रोसेसरची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली, खोक्यातून विकलेल्यांसाठी ती तीनवरून पाच वर्षं झाली. हे प्रोसेसर आता जुन्या बाजारात स्वस्तात मिळतात. असा एखादा घेताना मूळ बिल मागावं आणि विकणाऱ्याच्या समोरच एक मोठी झिप फाइल दोन-तीनदा उलगडून पाहावी.